रिकामी गेलेली तारीख

किराणा दुकानात आज न खपलेली साखर उद्या खपते. मंगल कार्यालयाच्या मालकाला ती सोय नाही. वैशाखातला मुहूर्ताचा रविवार बुकिंगविना गेला की कायमचा गेला. कार्यालय, केटरर, फोटोग्राफर, मेकअप आर्टिस्ट, डेकोरेटर, बँडवाले ही लग्नाच्या धंद्यातली मंडळी वरवर वेगवेगळ्या गोष्टी विकताना दिसतात. कोणी ताट विकतं, कोणी अल्बम, कोणी मांडव. पण एक फोटोग्राफर एका दिवशी एकाच लग्नात उभा राहू शकतो आणि एका हॉलमध्ये एका वेळी एकच लग्न लागतं. त्यामुळे या धंद्यातला खरा माल म्हणजे तारीख, आणि तो नाशवंत आहे.

हे एकदा ध्यानात घेतलं की बुकिंग वाढवण्याचे प्रश्न वेगळे दिसायला लागतात. इन्स्टाग्रामवर किती पैसे घालायचे हा प्रश्न मागे पडतो. कोणती तारीख कोणाला, किती भावात, किती लवकर द्यायची आणि दिलेली तारीख परत आली तर काय करायचं, हे प्रश्न पुढे येतात.

पंचांग आधी, जाहिरात नंतर

महाराष्ट्रात लग्नाचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर उघडतो. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी हा चातुर्मास बहुतेक घरांत लग्नाला टाळला जातो, पौषही अनेक घरं वर्ज्य मानतात. गुरू किंवा शुक्राचा अस्त असेल तर आणखी काही आठवडे गळतात. त्यात अधिक मास आला की गणित पुरतं बदलतं. चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचं असल्यामुळे ते सौरवर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी मागे पडतं. ही तूट भरून काढायला दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना जादा धरला जातो. 2023 साली अधिक श्रावण आला. तो चातुर्मासातच असल्याने लग्नवाल्यांचं फारसं काही बिघडलं नाही. 2026 सालचा अधिक ज्येष्ठ मात्र 17 मे ते 15 जून, म्हणजे ऐन उन्हाळी सुट्टीत. ज्याने हे वर्षभर आधी पाहिलं त्याला एप्रिलवर आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यावर गर्दी होणार हे आधीच कळतं. न पाहणारा त्या तारखा नेहमीच्याच दराने पहिल्या विचारणाऱ्याला देऊन मोकळा होतो आणि पुढचा महिना हॉलवर माश्या मारत बसतो.

अर्थात सगळेच लोक पंचांगाच्या शुद्ध मुहूर्तावर लग्न करत नाहीत. काढीव मुहूर्त असतो, मुलाला परदेशातून मिळालेली रजा असते, पाहुण्यांना सोयीचा रविवार असतो. त्यामुळे धंदा करणाऱ्याने वर्षाच्या सुरुवातीलाच आपल्या तारखांच्या तीन प्रती लावाव्यात. मुहूर्त आणि सुट्टी दोन्ही असलेल्या तारखा पहिल्या प्रतीच्या. मुहूर्त आहे पण कामाचा वार, किंवा सुट्टी आहे पण मुहूर्त नाही, त्या दुसऱ्या. बाकीच्या तिसऱ्या. तिन्हींचे दर वेगळे ठेवावेत आणि दरपत्रकात तसे छापावेत. दर तारखेप्रमाणे आहेत हे छापील दिसलं की घासाघीस कमी होते. गुपचूप दिलेली सूट मात्र अंगावर येते, कारण लग्नाची गिऱ्हाइकं एकमेकांच्या नात्यात आणि सोसायटीत असतात. ‘आमच्या जाऊबाईंना तुम्ही शंभर रुपये कमी लावलेत’ हे वाक्य ऐकल्याशिवाय राहत नाही. कमकुवत तारखेला उठाव आणायचा असेल तर दर पाडण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी हळदीसाठी हॉल द्यावा किंवा दोन खोल्या जास्तीच्या द्याव्यात. त्याचा खर्च आपल्याला कमी येतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलताना दर शाबूत राहतो.

धरायची की सोडायची?

नाशवंत तारखांचा हाच पेच विमान कंपन्यांनी फार आधी सोडवला. बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीतल्या केन लिटलवुड यांनी 1972 साली एक सोपा नियम मांडला. स्वस्तात आसन मागणारा आज दारात उभा आहे आणि पूर्ण भाडं देणारा कदाचित उद्या येईल, अशा वेळी काय करायचं? पूर्ण भाड्याला तो येण्याच्या शक्यतेने गुणायचं. उत्तर आजच्या रकमेपेक्षा कमी असेल तर आजचं घ्यायचं, जास्त असेल तर थांबायचं.

हे फोटोग्राफरला लावून पाहू. समजा, हळद आणि लग्न मिळून दोन दिवसांच्या कामाचे तुम्ही 1,50,000 रुपये घेता. डिसेंबरातल्या एका पहिल्या प्रतीच्या तारखेला कोणी साखरपुड्याचं 60,000 रुपयांचं काम घेऊन आलं. 60 ला 150 ने भागलं तर उत्तर 0.4 येतं. त्या तारखेला पूर्ण काम मिळण्याची शक्यता चाळीस टक्क्यांहून जास्त वाटत असेल तर साखरपुडा दुसऱ्या तारखेला नेता येतो का ते विचारावं, कमी वाटत असेल तर पावती फाडावी. ही शक्यता अंदाजाने ठरवायची नाही. गेल्या दोन-तीन हंगामांत अशा तारखा लग्नाच्या किती आधी गेल्या होत्या ते वहीत पाहायचं. मार्चमध्ये डिसेंबरसाठी थांबणं शहाणपणाचं असतं, नोव्हेंबरच्या मध्यावर तेच हट्टाचं ठरतं.

पहिला निरोप

2011 सालच्या मार्चमध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त एक अभ्यास छापून आला होता. ऑनलाइन आलेल्या विचारणेला कंपन्या किती वेळात उत्तर देतात हे अमेरिकेतल्या 2,241 कंपन्यांबाबत तपासलं होतं. त्यांतल्या 23 टक्के कंपन्यांनी उत्तरच दिलं नाही. त्याच लेखातली दुसरी माहिती अशी की, तासाभरात संपर्क करणाऱ्यांची निर्णय घेणाऱ्या माणसाशी नीट बोलणी होण्याची शक्यता, त्यानंतर आणखी एखादा तास उशीर करणाऱ्यांच्या जवळपास सातपट होती. हा अभ्यास लग्नांचा नाही, अमेरिकेतला आहे. पण आपल्याकडची लग्नाची विचारणा पाहिली तर तो पटतो. पसंती कळवली, सुपारी फुटली, की त्याच रात्री जेवणं उरकल्यावर मुलीची आई, मावशी आणि भाऊ फोन घेऊन बसतात आणि पाच-सहा ठिकाणी एकच मेसेज टाकतात. ज्याचं उत्तर पहिलं येतं त्याच्याशी बोलणं सुरू होतं आणि बाकीच्यांची तुलना त्याच्याशी होते.

अडचण अशी की नेमका त्या वेळी मालक दुसऱ्याच्या रिसेप्शनमध्ये जिलेबी संपतेय का ते बघत असतो. हंगाम कामाचा आणि विचारणांचा एकच. म्हणून विचारणांचा फोन वेगळा असावा आणि त्या दिवशी जो कामावर नाही त्याच्याकडे तो असावा, मग ती घरातली सून असो की पगारी मुलगा. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये तयार उत्तरं, कॅटलॉग आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला लावायची लेबलं फुकट मिळतात. पण ‘धन्यवाद, लवकरच संपर्क करू’ एवढ्या आपोआप गेलेल्या उत्तराने फार तर अर्धा तास मिळतो.

उत्तर कसं असावं? ‘ताटाचा रेट काय?’ असं विचारल्यावर ‘650 पासून पुढे’ एवढंच लिहिलं तर पुढचं बोलणं खुंटतं, कारण समोरच्याच्या हाती तुलना करायला एक आकडा गेला आणि बाकी काहीच गेलं नाही. त्याऐवजी असं लिहून पाहा: ‘नमस्कार काकू, अभिनंदन! 12 डिसेंबर सकाळची वेळ आत्ता मोकळी आहे. 300 पाहुण्यांपर्यंत साधारण अडीच लाख धरा, त्यात हॉल, सकाळचा नाश्ता आणि एक जेवण आलं. पंगत हवी की बुफे, आणि बाहेरगावचे किती जण राहायला असतील, एवढं कळवलंत तर नेमका आकडा उद्या दुपारपर्यंत पाठवते. शनिवारी अकराला किंवा रविवारी पाचला हॉल बघायला याल का?’ यात तारखेचं उत्तर आहे, आकड्याचा अंदाज आहे, दोन कामाचे प्रश्न आहेत आणि भेटीची वेळ आहे. काकूंना आता फक्त शनिवार की रविवार एवढंच ठरवायचं आहे.

भेटीला आलेले सहा जण

हॉल बघायला एकटं कोणी येत नाही. आई येते, वडील येतात, मामा येतो, मुलगी येते, कधी होणारा जावईही. प्रत्येकाची नजर वेगळी. मुलगी स्टेजमागची भिंत आणि फोटोला उजेड कुठून येतो ते बघते. आई आधी वधूपक्षाच्या खोल्या आणि बाथरूम उघडून पाहते, मग आजीसाठी लिफ्ट आहे का ते विचारते. मामा पार्किंगमध्ये गाड्या मोजतो. वडील जाता जाता स्वयंपाकघरात डोकावतात, भांडी घासायची जागा पाहतात आणि जनरेटर किती वेळ चालतो ते विचारतात. मालक मात्र नवं झुंबर दाखवण्यात रमलेला असतो.

म्हणून दाखवण्याआधी विचारावं. पाहुणे किती, बाहेरगावचे किती, आदल्या दिवशी सीमांतपूजन इथेच आहे का, खर्च एका घराचा की निम्मा-निम्मा? खर्च दोन्हीकडचा असेल तर आज आलेल्या सहा जणांनी होकार दिला तरी काम झालेलं नसतं, दुसऱ्या घराचा होकार उरतोच. तिथे तुम्ही बोलायला नसता, तुमचा कागद बोलतो. परदेशात राहणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत तर भेट व्हिडिओ कॉलवरच होते. तेव्हा मोबाइल घेऊन दारापासून पंगतीपर्यंत सलग फिरवून दाखवावं, छान छान तुकडे जोडलेल्या फिल्मपेक्षा लोकांना तेच पटतं. फोटोग्राफरनेही निवडक तीस फोटोंबरोबर एका लग्नाचा पूर्ण अल्बम दाखवावा. घाईगर्दीच्या क्षणी, कमी उजेडात, रडक्या मुलांच्या गराड्यात काम कसं होतं हे त्यातूनच कळतं. केटररने चव दाखवायला बोलवावं ते नुसत्या गोडासाठी नाही. मसालेभात आणि अळूची भाजी कशी आहे यावर वडीलधाऱ्यांचं मत ठरतं.

दरपत्रक म्हणजे याद्याच

आपल्याकडे लग्न ठरलं की याद्या होतात. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी समोरासमोर बसून कोणी काय करायचं, मानपान काय, कोणता खर्च कोणाकडे हे कागदावर उतरवतात. दरपत्रक त्याच धर्तीचं असावं: एक पान, मराठीत, व्हॉट्सॲपवर पुढे पाठवता येईल असं. हॉल किती वाजता ताब्यात मिळणार आणि किती वाजता सोडायचा, वीज आणि जनरेटर धरून की वेगळे, किमान किती ताटांची हमी, त्यावरच्या ताटाचा दर, बाहेरचा डेकोरेटर चालतो का, मेकअपच्या दरात साडी नेसवणं आलं का. हॉलच्या भाड्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. तो धरून आकडा दिला आहे की वर, हे पहिल्याच ओळीत लिहावं. शेवटी निघालेला कर गिऱ्हाइकाला कायम फसवणुकीसारखा वाटतो. रात्री 10 नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही हेही तिथेच सांगून टाकावं, म्हणजे वरातीच्या दिवशी नवऱ्यामुलाच्या मित्रांशी वाद नको.

पर्याय किती द्यावेत? तीन पुरेत. इतामार सायमनसन यांनी 1989 साली ग्राहकांच्या निवडीवर एक शोधनिबंध लिहिला. दोन टोकांच्या मध्ये तिसरा पर्याय असेल तर लोकांचा कल मधल्याकडे झुकतो, असं त्यांना दिसलं. आपली निवड दुसऱ्यांना समजावून सांगायची असेल तर हा कल वाढतो, असंही त्यांनी दाखवलं. लग्नात प्रत्येक निवड कोणाला ना कोणाला समजावून सांगावीच लागते. ‘फार साधंही नाही, फार उधळपट्टीही नाही’ हे उत्तर सासरी-माहेरी दोन्हीकडे चालतं. तेव्हा जे काम तुम्हाला उत्तम जमतं आणि ज्यात नफा नीट राहतो ते मधल्या पर्यायात ठेवा. मात्र सगळ्यात खालचा पर्याय मुद्दाम लंगडा करू नका. मर्यादित ऐपतीचं कुटुंब तोच घेणार आणि त्यांच्या लग्नालाही तीनशे माणसं तुमचं काम बघणार आहेत.

पैसे, पावती आणि परतीची वाट

‘तारीख आमच्यासाठी धरून ठेवा’ असं तोंडी सांगणाऱ्यांनी अर्धं कॅलेंडर अडतं. नाही म्हणायचं नसेल तर मुदत घालावी: तीन दिवस धरतो, चौथ्या दिवशी सकाळी दुसऱ्यांना देऊ. हे लिहून कळवावं आणि मुदत संपायच्या आदल्या दिवशी फोन करावा. बरीच बुकिंगं या आठवणीच्या फोनवरच पक्की होतात. आणि तारखांची वही एकच हवी. एक भाऊ डायरीत लिहितो, दुसरा मोबाइलमध्ये, आणि एकाच तारखेच्या दोन पावत्या फाटतात, यासारखी नामुष्की या धंद्यात नाही.

ॲडव्हान्स घेतला की पावती त्याच वेळी द्यावी. सेवेसाठी घेतलेल्या ॲडव्हान्सवर जीएसटीची जबाबदारी पैसे मिळताच लागू होते, लग्न सहा महिन्यांनी असलं तरी. ज्यांची सेवांची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या पुढे जाते त्यांना महाराष्ट्रात नोंदणी घ्यावी लागते, त्यांनी हा हिशेब आपल्या सीएकडून आधीच बसवून घ्यावा.

खरी परीक्षा बुकिंग रद्द होतं तेव्हा. 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाउन लागला आणि उन्हाळ्यातली लग्नं एका रात्रीत अडकली. 2021 च्या एप्रिलमध्ये तर महाराष्ट्रात पंचवीस माणसं आणि दोन तास अशी मर्यादा आली. पावतीवर ‘ॲडव्हान्स परत मिळणार नाही’ एवढीच ओळ होती तिथे भांडणं झाली. या ओळीला कायद्याचा आधारही लोकांना वाटतो तितका नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 करार मोडल्यास वाजवी भरपाई मिळू देतं, करारात लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर नुकसानाच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारा करार ‘अनुचित करार’ या व्याख्येत येऊ शकतो.

त्याऐवजी पायऱ्या लिहाव्यात. लग्नाला सहा महिन्यांहून जास्त अवधी असताना रद्द केलं तर थोडी रक्कम कापून बाकी परत, तीन महिन्यांच्या आत निम्मी परत, शेवटच्या महिन्यात परतावा नाही. पण तीच तारीख दुसऱ्याला गेली तर कापलेल्या रकमेतला ठरावीक भाग परत. सरकारी निर्बंध आले किंवा घरात सुतक आलं तर एकदा तारीख बदलून मिळेल. ज्या घरात वृद्ध, आजारी माणूस आहे ते घर लग्नाची तारीख धरताना मनातून भ्यालेलं असतं आणि ही भीती कोणी बोलून दाखवत नाही. तुमच्या कागदावर तिचं उत्तर असेल तर शेजारच्या हॉलपेक्षा वीस हजार जास्त असूनही लोक तुमच्याकडे येतात. तारीख हा माल असेल, तर परत आलेल्या तारखेचे नियम हा त्या मालाचाच भाग आहे.

वही काय सांगते

आता सगळं एका ओळीत मांडू. समजा हंगामात 100 विचारणा आल्या, 40 कुटुंबं बघायला आली, 10 जणांनी पावती फाडली. उत्तर लवकर गेल्यामुळे 40 च्या जागी 50 कुटुंबं आली, आणि दरपत्रक व अटी नीट असल्यामुळे चारातला एक होकार देत होता तिथे दहातले तीन द्यायला लागले, तर बुकिंग 15 होतात. दीडपट, आणि जाहिरातीवर एक रुपयाही जास्त न घालता. म्हणून प्रत्येक विचारणेपुढे चार गोष्टी लिहाव्यात: कुठून कळलं, कधी उत्तर दिलं, बघायला आले का, आले नाहीत किंवा घेतलं नाही तर का. ‘का’चा रकाना भरायला एक फोन करावा लागतो. ‘काही नाही हो, लिफ्ट नव्हती’ असं तीन घरांनी सांगितलं की पुढच्या उन्हाळ्यात पैसे झुंबरात घालायचे की लिफ्टमध्ये, हा निर्णय होतो.

वहीचा दुसरा उपयोग चातुर्मासात. डिसेंबरात तुमच्याकडे लग्न झालेल्या मुलीची पहिली मंगळागौर पुढच्या श्रावणात असते, मग कधीतरी डोहाळजेवण, बारसं. त्याच घरात आजोबांची पंच्याहत्तरीची शांत असते. या घरांना आषाढात एक साधा निरोप गेला तर बंद हॉलला मंगळवारची कामं मिळतात, तीही ओळखीच्या गिऱ्हाइकांची. लग्नानंतर आठवडाभरात, आठवण ताजी असताना, गूगलवर चार ओळी लिहायची विनंती करावी. विकत घेतलेली परीक्षणं टाळावीत, ती वाचणाऱ्याच्या लक्षात येतात. भारतीय मानक ब्युरोने 2022 साली ऑनलाइन परीक्षणांसाठी आयएस 19000 हे मानकही काढलं आहे. लग्नातले फोटो आपल्या पानावर टाकण्याआधी दोन्ही घरांची लेखी परवानगी घ्यावी, व्हॉट्सॲपवरचा होकारही चालतो.

शेवटचा मुद्दा नकाराचा. पहिल्या प्रतीच्या तारखेला एका विचारणेला होकार गेला की उरलेल्या सगळ्यांना नाही म्हणावं लागतं, आणि बहुतेक जण तिथेच फोन ठेवतात. त्याऐवजी लगतची मोकळी तारीख सुचवावी, ती चालत नसेल तर आपल्याच दर्जाच्या दोन सहकाऱ्यांचे नंबर द्यावेत. ज्यांना तुम्ही काम पाठवलंत ते आपली तारीख भरली की तुमच्याकडे पाठवतात. गावात असे चार-पाच जण जोडले गेले तर कोणाचीच चांगली तारीख सहसा रिकामी जात नाही, आणि मुलीच्या आईला आपल्याला नाही म्हणणारा माणूसही कामाचा होता हे लक्षात राहतं. धाकटीच्या लग्नाला ती पहिला फोन त्यालाच करते.